निवताना घडणारा सोरा

बंदुकीच्या दारूत सुमारे पाऊण भाग सोरा असतो, उरलेला कोळसा आणि गंधक. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपच्या तोफांना लागणाऱ्या सोऱ्याचा मोठा वाटा बिहारमधून जाई. पाटण्याला डच आणि इंग्रज दोघांच्याही वखारी होत्या; तिथून सोरा नावांत भरून गंगेने हुगळीकडे जाई. 1757 साली प्लासीची लढाई झाली आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळवला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत प्लासी असते, सोरा काढणारे नोनिया नसतात. मी रसायनशास्त्र शिकवत असे, तेव्हा विद्राव्यतेचा धडा त्यांच्यापासूनच सुरू करी.

पावसाळा सरून जमीन सुकली, की गोठ्यांजवळ आणि जुन्या भिंतींच्या बुडाशी मातीवर पांढुरका थर येतो. शेणामुतापासून जिवाणूंनी मातीत नायट्रेट तयार केलेलं असतं. पाणी सुकताना ते वर येऊन बसतं. नोनिया ही माती खरवडून आणत, बांबू आणि गवताच्या थरावर दाबून बसवत आणि वरून पाणी सोडत. लाकडाची राखही त्यात पडे. राखेतल्या पोटॅशियममुळे मातीतल्या कॅल्शियम नायट्रेटचं पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा, होई. खाली पाझरलेलं पाणी ते चुलीवर आटवत.

खरी कसोटी इथून पुढे. त्या पाण्यात सोऱ्याबरोबर साधं मीठही असे, आणि मीठ मिसळलेली दारू ओल धरते. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळणारे. वेगळे कसे करायचे? 100 ग्रॅम पाण्यात 20 अंश सेल्सिअसला सुमारे 32 ग्रॅम सोरा विरघळतो, उकळत्या पाण्यात जवळजवळ 245 ग्रॅम. मीठ मात्र 20 अंशाला 36 ग्रॅम आणि 100 अंशाला फक्त 39. म्हणून पाणी आटत जातं तसं मीठ गरम कढईतच तळाशी बसतं; ते झाऱ्याने काढून टाकता येतं. उरलेलं पाणी निवायला ठेवलं, की सोऱ्याचे लांब स्फटिक धरू लागतात आणि थोडंफार मीठ पाण्यातच राहतं. हे आकडे कोणी मांडायच्या कितीतरी आधी नोनियांनी हा फरक कामातून ओळखला होता.

सोरा विरघळताना पाण्यातली उष्णता शोषून घेतो. म्हणूनच पाणी तापलं की तो जास्त विरघळतो. विरघळताना येणाऱ्या या गारव्याचा उपयोग अकबराच्या आबदारखान्यात, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या कोठीत, होई. अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त कृती दिली आहे: पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि शेरभर पाण्याची बंद सुरई त्यात पाव तास फिरवायची. हे माप मला फार आवडतं. शंभर भाग पाण्याला पन्नास भाग सोरा म्हणजे आग्र्याच्या उन्हाळ्यातल्या पाण्यात जेमतेम मावेल इतका. पाणी गार होत जातं तशी त्याची सोरा सामावण्याची ताकदही घटते, म्हणून हा गारवा एका हद्दीपलीकडे जाऊ शकत नाही.

इंग्रजी अमलात नोनियांच्या कढईतलं मीठ सरकारला खुपू लागलं. मिठावर कर होता, त्यामुळे सोरा काढायलाही परवाना लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत चिलीचं सोडियम नायट्रेट आणि जर्मनीच्याच खाणींतलं पोटॅशियम क्लोराइड एकत्र करून सोरा होऊ लागला आणि बिहारचा बाजार घसरला. त्या कारखान्यांतही मीठ गरम द्रावणातून खाली बसवत आणि सोरा गार द्रावणातून काढत. यंत्रं मोठी होती, नियम नोनियांच्या कढईतलाच होता. विद्राव्यतेचा आलेख काढून घेताना मुलांना हे सांगायला हवं. तो आलेख कागदावर येण्याआधी चुलीपाशी राबणाऱ्या माणसांना ठाऊक होता, आणि त्यांना शास्त्राच्या इतिहासात जागा देणं हे आपल्याकडून राहिलेलं देणं आहे.