काशिराजाचा बीजविचार

काशीच्या दशाश्वमेध घाटाच्या नावामागे एका राजाचे चातुर्य आहे. ‘काशीखंडा’तील कथेप्रमाणे दिवोदास राजाने देवांना काशीबाहेर ठेवले. त्याला हटविण्यासाठी शंकराने ब्रह्मदेवाला धाडले. राजाने त्याला दहा अश्वमेधांची सामग्री पुरविली, आणि ब्रह्मदेव येथेच रमला!

वैद्यकपरंपरेतही एक काशिराज दिवोदास आहे, धन्वंतरीचा अवतार मानलेला. ‘सुश्रुतसंहिता’ हा त्याचाच शिष्यांना केलेला उपदेश होय. दोघे दिवोदास एकच, ही श्रद्धा. इतिहासाला तिच्यावर भार टाकवत नाही. या संहितेच्या शारीरस्थानात, गर्भविचाराच्या ओघात, पुरुषसंगावाचून ज्याचा काम जागत नाही अशा ‘आसेक्य’ पुरुषाचा उल्लेख येतो. त्याचे कारण काय दिले आहे? आईबापांच्या बीजाची अल्पता. गर्भाधानसमयी स्त्रीने पुरुषवत् वर्तन केले, तर होणारी कन्या पुरुषासारखी वागते, असेही सांगितले आहे.

ही कारणे आज टिकणारी नाहीत. शिवाय ग्रंथकार अशा पुरुषाची गणना क्लैब्यात, म्हणजे वैगुण्यातच करतो. हे झाकून प्राचीनांचा गौरव करण्यात अर्थ नाही. परंतु आसेक्याच्या बाबतीत त्याचे बोट पापाकडे नव्हे, बीजाकडे वळते. मला याचे मोल मोठे वाटते. कारण 1860 च्या दंडसंहितेने हाच विषय ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ म्हणून गुन्ह्यात ढकलला. त्यावर बोलणेही जड झाले: रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अशा प्रश्नोत्तरांवरून खटला झाला. 1934 साली बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरी शिक्षा झालीच. प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून मुक्त व्हावयास 6 सप्टेंबर 2018 उजाडावा लागला.

आणि बीजाचे काय? 2019 साली पावणेपाच लाखांहून अधिक माणसांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली. समलिंगी ओढीचे असे एकच जनुक सापडले नाही. पुष्कळ जनुकांचे बारीक बारीक वाटे मिळून माणसामाणसांतील फरकाचा 8 ते 25 टक्के भाग उलगडतो. एखाद्याचे जनुक पाहून त्याची ओढ सांगता येत नाही.

उत्क्रांतिवाद्यांना मात्र निराळेच कोडे पडले: ज्यांना संतती कमी, त्यांचा वारसा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा? 1964 साली हॅमिल्टन यांनी दाखविले की, आप्तांच्या मुलांना जगविल्यानेही आपल्या बीजाचा अंश पुढे जातो. सामोआ बेटांवरील ‘फाअफाफिने’ पुरुष भाचे-पुतण्यांची विशेष काळजी वाहतात, असे संशोधकांना आढळले. इतर देशांत तसा पुरावा फारसा मिळालेला नाही.