शांत बसलेला कुत्रा खरंच ऐकतोय का?

आजचा एपिसोड कुत्र्यांवर आहे, पण गोष्ट माणसांची आहे. कुत्र्याचं अंग काय सांगतंय हे दिसत असूनही आपण त्याकडे किती वर्षं काणाडोळा केला, त्याची गोष्ट.

१८७२ साली चार्ल्स डार्विनचं भावनांच्या आविष्कारावरचं पुस्तक आलं. त्यात कुत्र्याची दोन चित्रं शेजारी ठेवल्यासारखी आहेत. एकात तो अंगावर येतोय: पाय ताठ, शेपूट ताठ. दुसऱ्यात तोच लाडात आलाय: अंग खाली, शेपूट हलतेय. म्हणजे शरीर बोलतं, हे तेव्हाच लिहून झालं होतं.

पण ट्रेनिंगच्या मैदानावर वेगळंच चाललं होतं. १९१० मध्ये जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांनी कुत्र्यांना शिकवण्याचं पुस्तक लिहिलं. त्याचा प्रभाव पुढे बरीच वर्षं टिकला. त्यात सक्तीवर मोठा भर होता. हुकूम पाळला ना? मग झालं!

आता १९६७ मध्ये या. अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले. त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नव्हते. नंतर त्यांना अशा खोक्यात ठेवलं, जिथे मधला अडथळा ओलांडला की सुटका. तरी बरेच कुत्रे उठलेच नाहीत. पडून राहिले, कण्हत राहिले. प्रयोग क्रूर होता, पण एक गोष्ट कळली: गप्प राहणं म्हणजे शिकणं नव्हे. कधीकधी ते हार मानणं असतं.

आणि हार मानण्याआधी कुत्रा सांगत असतो, बरं का. १९९० च्या दशकात नॉर्वेच्या प्रशिक्षक टुरिड रुगास यांनी हेच बारकावे लोकांपुढे आणले. मान वळवणं, ओठांवरून जीभ फिरवणं, जांभई, मध्येच जमीन हुंगत बसणं. झोपून उठल्यावरची जांभई साधीच. पण तुम्ही आवाज चढवून ‘सिट’ म्हणता आणि दर वेळी जांभई येते, तर तो आळशीपणा नाही. ‘मला हे नको वाटतंय’ असं तो म्हणत असू शकतो.

अशा वेळी पट्टा ओढू नका. दोन पावलं मागे या, आवाज उतरवा, सोपं काहीतरी करायला सांगा, खाऊ द्या आणि थांबा. तो आपणहून तुमच्याकडे वळला, तर समजा, तो आता खरंच ऐकतोय.