वीस आठवडे आणि एकशेवीस दिवस

मुंबईच्या निकेता मेहता २००८ साली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा त्यांच्या पोटातल्या बाळाच्या हृदयात दोष असल्याचं निदान झालं होतं. गर्भ चोवीस आठवड्यांच्या आसपास होता आणि १९७१ चा गर्भपात कायदा वीस आठवड्यांवर थांबत होता. त्यांचे डॉक्टर निखिल दातार हेही याचिकेत सोबत होते. ४ ऑगस्ट २००८ रोजी न्यायालयाने परवानगी नाकारली. काही दिवसांतच निकेता यांचा गर्भपात आपोआप झाला. कायदा बदलण्याची चर्चा मात्र त्यानंतर थांबली नाही.

पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातल्या दोन स्त्रियांची प्रकरणं आली. जानेवारीत डोंबिवलीच्या स्त्रीला चोविसाव्या आठवड्यात परवानगी मिळाली, कारण बाळाची कवटीच तयार झाली नव्हती, ते जगणं शक्य नव्हतं. फेब्रुवारीत दुसरीला सव्विसाव्या आठवड्यात नकार मिळाला. तिच्या बाळाला डाउन सिंड्रोम होता, म्हणजे ते जगू शकणार होतं. न जगणारं बाळ आणि अपंग म्हणून जगणारं बाळ यांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. बोलताना आपण दोघांनाही एकाच शब्दात 'व्यंग असलेलं' म्हणून मोकळे होतो.

आपल्या उलेमांनीही हा प्रश्न टाळलेला नाही. गर्भात रूह फुंकली जाते ती १२० दिवसांनी, ही फिकहमधली प्रसिद्ध मर्यादा. त्याआधी सबळ कारण असेल तर अनेक हनफी उलेमांनी सवलत दिली. मालिकी जास्त कडक राहिले. मक्केच्या फिकह अकादमीने १९९० मध्ये ठरवलं की, भरवशाच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी उपचार नसलेलं गंभीर व्यंग सांगितलं आणि आईबापांनी मागणी केली, तर १२० दिवसांच्या आत गर्भपात करता येईल. त्यानंतर फक्त आईच्या जिवाला धोका असेल तर.

आता हिशोब करून पाहा. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून १२० दिवस म्हणजे त्यांचे साधारण एकोणीस आठवडे. व्यंग दाखवणारी सोनोग्राफी होते अठरा ते वीस आठवड्यांत. म्हणजे बातमी कळते तेव्हा मुदत संपत आलेली असते. सोलापुरात विड्या वळणारी किंवा यंत्रमागावर जाणारी बाई दिवसाची मजुरी बुडवून तपासणीला जाते. तिला उशीर होणारच, आणि जुन्या कायद्याची मर्यादा सगळ्यात आधी तिच्याच आड यायची.

२०२१ च्या दुरुस्तीने ही अडचण बरीच दूर केली. गर्भात मोठं व्यंग आहे असं वैद्यकीय मंडळाने सांगितलं, तर आता आठवड्यांची मर्यादा नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तर मंडळाचा नकार बाजूला ठेवून ३३ आठवड्यांच्या गर्भासाठी परवानगी दिली आणि निर्णय त्या स्त्रीचाच आहे, असं स्पष्ट केलं. बाई गुन्हेगार नाही, हे कायद्याने मान्य करायला इतकी वर्षं लागली. मी त्याचं स्वागतच करतो.

पण निर्णय तिचा म्हटल्यावर आपली जबाबदारी संपते का? अपंग हक्क कायदा २०१६ चा. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजलेत आणि सहा ते अठरा वयाच्या अपंग मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. शिक्षक म्हणून मी पाहतो, हक्क कागदावर असतो आणि मूल घरी असतं. वर्गात त्याला सांभाळून शिकवणारा शिक्षक नसतो, आणि लग्नकार्यात नातेवाईक त्याच्या आईला कोपऱ्यात बसायला सांगतात. हे सगळं पाहिलेल्या बाईने सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन जो निर्णय घ्यायचा, त्यात आपण सगळे आधीच सामील झालेलो असतो.

अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम अंध होते. पैगंबर साहेबांनी त्यांना अजान देण्याचं काम दिलं आणि स्वतः मोहिमेवर गेले तेव्हा मदिना त्यांच्या हवाली केली. जुम्म्याच्या बयानात ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. आपल्या मोहल्ल्यातल्या किती मशिदींना चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे, किती मदरशांत डाउन सिंड्रोमचं मूल बसतं, हेही एकदा मोजायला हवं. त्या बाईला हराम-हलाल सांगायला जाण्याआधी एवढी मोजणी तरी करू या.