स्टोरी नका सांगू!

विंचूरला ताईकडे गेलो, की रात्री जेवणं आटोपल्यावर भाच्यांना गोष्ट सांगणं हे आमचं ठरलेलं काम. परवा उत्साहाच्या भरात थेट पानिपत काढलं. १४ जानेवारी १७६१. इब्राहिमखानाचे गारदी रोहिल्यांना भाजून काढताहेत, आणि ऐन वेळी विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचे स्वार गोल मोडून पुढे घुसले, गारद्यांचा मारा थांबला, आणि...

"मामा, स्टोरी नका सांगू!" धाकटा कडाडला.

बरोबरच आहे. ज्यांच्या जहागिरीचं हे गाव, त्या सरदारावर पाहुण्यानं बोट ठेवायचं, तेही त्यांच्याच गावात बसून! पण एका शब्दात मी खोटारडा ठरलो, हे काही मला पचेना. सकाळी दाजींच्या कपाटातला जाडजूड इंग्रजी कोश काढला. तो निघाला पोराच्याच बाजूचा! साहेबाच्या घरीही 'स्टोरी' म्हणजे थाप, असा एक अर्थ गेली तीनेकशे वर्षं नांदतो आहे.

मूळ मात्र खानदानी. ग्रीकांचा 'हिस्टोरिया' म्हणजे चौकशी, विचारपूस. हिरोडोटसानं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात आपल्या ग्रंथाला हाच शब्द लावला. पुढे लॅटिन, मग जुनी फ्रेंच असा मुक्काम करत सुमारे १२०० साली तो 'स्टोरी' होऊन इंग्लंडात उतरला. तेव्हा स्टोरी आणि हिस्टरी यांत फरक नव्हता. नंतर भाऊ-भाऊ वेगळे निघाले. एक कॉलेजात गेला, दुसरा सिनेमात.

इमारतीचा मजलाही त्याच घराण्यातला. दर्शनी भिंतीवर चित्रांच्या ओळी असत, एकावर एक, त्यावरून मजल्याला ते नाव पडलं म्हणतात. मला हसू आलं, पण लगेच आवरलं. आपली 'गोष्ट' तरी कुठून आली? संस्कृत 'गोष्ठी'तून, आणि तिचा सख्खा शेजारी 'गोठा'! साहेबाची कथा माडीवर चढली, आपली गाईम्हशींत राहिली. आणि 'बखर' म्हणजे, बहुतेक अभ्यासकांच्या मते, अरबी 'खबर'च. फक्त अक्षरांनी जागा बदलल्या. अक्षरं बदलली तिथे आणखी काय काय बदललं असेल, देव जाणे.

दाजी संध्याकाळी उपबाजारात कांदा घालून आले. भाव पडल्यामुळे गप्प होते. रात्री पोरगा पुन्हा जवळ येऊन बसला. मी म्हटलं, "हे बघ, भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखान, कुणी परत आलं नाही. विंचूरकर आणि गायकवाड जिवंत परतले. हरलेल्या लढाईत जिवंत परतणाऱ्याच्या डोक्यावर खापर फोडणं फार सोपं असतं, बाळा."

तो बराच वेळ गप्प बसला.

"पण मामा, मग कालच असं का नाही सांगितलंत?"

"झोप आता," मी म्हटलं.