आधी विचारलं होतं का? निबुतानीच्या धरणाची गोष्ट

टोकियो टॉवरच्या पायथ्याशी शिबा पार्क आहे. शेजारीच झोजोजी देऊळ. भारतातून कोणी पाहुणे आले की आपण त्यांना फोटो काढायला इथे आणतोच. या बागेत एक दगडी स्मारक आहे. मी त्याच्यासमोरून कितीदा तरी गेलो असेन, पण वाचलं मात्र खूप उशिरा. 'कैताकुशी'ने इथे एक तात्पुरती शाळा काढली होती, तिची ती खूण. कैताकुशी म्हणजे होक्काइदो 'विकसित' करण्यासाठी १८६९ मध्ये नेमलेलं सरकारी खातं. ही शाळा पुढे साप्पोरोला गेली आणि तिचंच साप्पोरो कृषी महाविद्यालय झालं. म्हणजे गोष्ट तशी अभिमानाचीच.

दगडावर जे नाही ते असं: १८७२ मध्ये उत्तरेतून तीसहून अधिक आयनू स्त्री-पुरुषांना टोकियोत आणलं गेलं. काहींना या शाळेत, काहींना शिबुयातल्या सरकारी शेतीबागेत. जपानी भाषा, जपानी शेती, जपानी चालीरीती शिकवायच्या, म्हणजे परत जाऊन ते इतरांना शिकवतील, असा हिशोब. त्यातले काही जण इथेच वारले. उरलेले बहुतेक लवकरच परत गेले. तुम्हाला यायचंय का, असं त्यांना कोणी कितपत विचारलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

एपिसोडमध्ये आम्ही निबुतानीच्या खटल्याला दहा मिनिटं दिली आणि ती पुरली नाहीत. म्हणून हा लेख. खटला होक्काइदोचा, पण त्याची दोरी पहिल्यापासून टोकियोच्या हातात होती.

आयनू भाषेत 'आयनू' म्हणजे माणूस. जपानी माणसाला ते 'शिसाम' म्हणतात, म्हणजे शेजारी. या शेजाऱ्याने १८६९ मध्ये त्यांच्या भूमीला होक्काइदो हे नवं नाव दिलं. १८७७ च्या नियमांनी आयनूंच्या राहत्या जमिनी सरकारी मालकीत घातल्या. नद्यांमध्ये साल्मन धरायला बंदी आली. आयनूंसाठी साल्मन हा 'कामुय-चेप', म्हणजे देवाचा मासा. हिवाळाभराचं अन्न तेच. ज्याने पिढ्यान् पिढ्या मासा धरला तो आता चोर ठरला. मग १८९९ मध्ये आयनूंच्या 'संरक्षणा'चा कायदा आला. त्याने प्रत्येक कुटुंबाला शेतीसाठी जास्तीत जास्त पाच हेक्टर जमीन देऊ केली. आधी सगळं घ्यायचं, मग त्यातला तुकडा दान म्हणून द्यायचा आणि वर अट घालायची की कसली नाही तर परत घेऊ. हा कायदा १९९७ पर्यंत पुस्तकात होता. १८९७ नव्हे, १९९७.

निबुतानी हे सारु नदीकाठचं गाव, बिरातोरी तालुक्यासारख्या एका छोट्या नगरात. इथली बहुसंख्य कुटुंबं आयनू. ओकिकुरुमी नावाच्या देवाने माणसांना जगण्याच्या रीती शिकवल्या त्या याच परिसरात, असं आयनू मानतात. काठावर जुन्या गढ्यांचे अवशेष होते, प्रार्थनेच्या जागा होत्या, आणि नवी होडी पाण्यात उतरवण्याचा 'चिप-सान्के' हा विधी होत असे. कायानो शिगेरु इथलेच, जन्म १९२६. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांना साल्मन धरल्याबद्दल पोलिसांनी नेलं होतं. पुढे कायानोंनी गावोगाव फिरून जुन्या वस्तू, कथा, शब्द जमवले आणि १९७२ मध्ये निबुतानीत संग्रहालय उघडलं.

नेमक्या त्याच सुमारास टोकियोत वेगळाच नकाशा तयार होत होता. १९७१ च्या आराखड्यानुसार होक्काइदोच्या दक्षिण किनाऱ्यावर, तोमाकोमाईच्या पूर्वेला, दहा हजार हेक्टरांहून मोठा औद्योगिक पट्टा उभा राहणार होता. पोलाद, तेलशुद्धीकरण, पेट्रोकेमिकल. देश दरवर्षी दहा टक्क्यांच्या आसपास वाढत होता, ही वाढ कधी थांबेल असं कोणाच्या मनातही नव्हतं. कारखान्यांना पाणी लागणार, आणि ते सारु नदीतून आणायचं ठरलं. म्हणून निबुतानीला धरण.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि सगळं गणित बदललं. पोलादाचे आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने काही आले नाहीत. तेलाच्या टाक्या आल्या, एक वीजकेंद्र आलं, थोडे कारखाने आले. बाकी जमीन गवताखाली राहिली, आणि पट्टा विकसित करणारी कंपनी नव्वदीच्या अखेरीस कर्जात बुडाली. धरण मात्र रद्द झालं नाही. कारखान्यांचं पाणी मागे गेलं. पूरनियंत्रण, शेती आणि वीज पुढे आली. ज्या रोगासाठी औषध लिहिलं तो रोग झालाच नाही, तरी गोळी घ्यायचीच, असा प्रकार.

आता एक अवघड गोष्ट, जी आपल्यासारखे सहानुभूतीने वाचणारे बहुतेक वेळा गाळतात. निबुतानीच्या बहुतेक जमीनमालकांनी जमिनी विकल्या. त्यात आयनूही होते. शेती परवडत नव्हती, मोबदला बरा होता, धरणाच्या कामावर मजुरी मिळणार होती. शेवटपर्यंत नाही म्हणाले ते दोघंच: कायानो शिगेरु आणि काइझावा तादाशी. मग सरकार म्हणणार, गावाने तर होकार दिला, अडून बसलेत ते फक्त दोघे. दोघांचं उत्तर असं होतं की प्रश्न भावाचा नाहीच. जमीन विकणाऱ्याने आपला तुकडा विकला. नदी, विधीची जागा, एका समाजाचा भूतकाळ यांचा सौदा करायला कोणाला बोलावलं होतं? त्या गोष्टी कोणाच्याच खात्यावर नव्हत्या.

१९८६ मध्ये सक्तीच्या संपादनाला मंजुरी मिळाली. हे साल लक्षात ठेवा. आपल्या देशात अल्पसंख्याक असे कोणी नाहीत, असं जपानने १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांना लेखी कळवलं होतं. १९८६ मध्येच पंतप्रधान नाकासोने यांनी जपान एकजिनसी राष्ट्र असल्याचं विधान केलं आणि आयनूंनी त्याचा निषेध केला. जे लोक कागदावर अस्तित्वातच नाहीत, त्यांची संमती घेणार तरी कशी?

१९८९ मध्ये संपादनाचा निर्णय झाला. दोघांनी बांधकाममंत्र्यांकडे दाद मागितली. काइझावा तादाशी १९९२ मध्ये वारले. १९९३ मध्ये अपील फेटाळलं गेलं, तेव्हा कायानो आणि तादाशींचे चिरंजीव काइझावा कोइची यांनी साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. पुढच्याच वर्षी कायानो समाजवादी पक्षातर्फे संसदेच्या वरच्या सभागृहात गेले, संसदेत गेलेले पहिले आयनू. तिथल्या एका समितीत ते आयनू भाषेतून बोलले. त्यांचा पक्ष सत्तेत होता, पंतप्रधानही त्याच पक्षाचे. तरी निबुतानीत काँक्रीट ओतणं सुरूच होतं. एप्रिल १९९६ मध्ये पाणी अडवलं गेलं. खटला अजून चालू होता.

निकाल लागला २७ मार्च १९९७ ला. न्यायालयाने म्हटलं की आयनू हे इथले मूळनिवासी आहेत. जपानच्या राज्ययंत्रणेतल्या कोणी हे पहिल्यांदाच मान्य केलं. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम २७ आणि जपानी संविधानाचं कलम १३ यांच्या आधारे त्यांना आपली संस्कृती जगण्याचा हक्क आहे. धरणाचा फायदा मोजताना त्यामुळे त्या संस्कृतीचं काय नुकसान होईल, हे सरकारने आधी नीट तपासायला हवं होतं. ते तपासलंच नाही. तोट्याचा रकाना कोरा ठेवून फायदा जास्त आहे असं ठरवलं. म्हणून संपादन बेकायदेशीर.

आणि मग? मग दावा फेटाळला. जपानी कायद्यात एक सोय आहे: कृती बेकायदेशीर आहे असं जाहीर करायचं, पण ती रद्द केली तर सार्वजनिक हिताचं फार मोठं नुकसान होईल, म्हणून रद्द करायची नाही. धरण बांधून झालंय, तलाव भरलाय, आता काय करणार. दोन्ही बाजूंनी अपील केलं नाही. निकाल कायम झाला, आणि धरणही.

संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात मूळनिवासींच्या जमिनीवरच्या प्रकल्पांसाठी जो शब्दप्रयोग आहे, त्याचं मराठी 'मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती' असं होतं. चर्चा बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या शब्दावर होते: दबाव होता का, माहिती दिली का. निबुतानी वाचल्यावर मला मधला शब्द सगळ्यात जड वाटतो. बुलडोझर पोचल्यावर विचारलेल्या प्रश्नाला होकार आणि नकार ही दोन उत्तरं उरतच नाहीत. उरते ती नुकसानभरपाईची रक्कम. आपल्याकडच्या सरकारी नोटिशीतलं 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' हे वाक्य आठवा. हरकत नोंदवता येते, पण ती मान्य होईलच असं त्या वाक्यात कुठेही म्हटलेलं नाही.

हे ऐकून तुम्हाला मुळशी आठवली असेल तर बरोबरच आहे. १९२१ मध्ये मुंबईला वीज हवी होती, म्हणून टाटांच्या कंपनीचं धरण मावळातल्या मुळशी पेट्यात. जमिनी रीतसर ताब्यात येण्याआधीच कंपनीने शेतांत चर खणायला घेतले. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला आणि १९२४ पर्यंत चालून मोडला. तिथेही कागदाचा पेच होताच. पुष्कळ जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर, नांगर मात्र मावळ्याचा. सावकाराला मोबदला चालणार होता. मग होकार कोणाचा धरायचा?

वेळेवर विचारलं तर काय होतं, याचं एक उदाहरण ओडिशात आहे. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला. त्या वेळी डोंगर जागेवर होता. बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या आणि खाण झाली नाही. डोंगरिया कोंध लोक आयनूंपेक्षा जास्त ताकदवान होते म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. तिथे विचारण्याची सक्ती करणारा कायदा होता, आणि प्रश्न वेळेत पोचला.

जपानमध्ये निकालानंतर दोन महिने उलटायच्या आत आयनू संस्कृतीच्या प्रसाराचा कायदा संसदेने मंजूर केला आणि १८९९ चा कायदा गेला. नव्या कायद्यात भाषा आहे, नृत्य आहे, हस्तकला आहे. जमीन, नदी, मासा नाही. २००७ च्या जाहीरनाम्याच्या बाजूने जपानने मत दिलं (भारतानेही दिलं, पण आमच्याकडे सगळेच मूळनिवासी, असं म्हणत). २००८ मध्ये संसदेने आयनूंना मूळनिवासी मानणारा ठराव केला, २०१९ मध्ये ते कायद्यात आलं. संमतीचा हक्क याही कायद्यात नाही. उराहोरो इथल्या आयनू संघटनेने नदीतल्या साल्मनच्या सामुदायिक हक्कासाठी दावा लावला, तो एप्रिल २०२४ मध्ये साप्पोरोच्याच न्यायालयात हरला.

निबुतानीच्या तलावात गाळ मात्र अंदाजापेक्षा कितीतरी लवकर साचला. सारुच्या उपनदीवर दुसरं धरण, बिरातोरी, २०२२ मध्ये पूर्ण झालं. या वेळी बांधण्याआधी पाहणी झाली. वनस्पती कुठे आहेत, प्रार्थनेच्या जागा कुठे, हे आयनू रहिवाशांना सोबत घेऊन नोंदवलं गेलं. हा १९९७ च्या निकालाचाच परिणाम, आणि तो छोटा नाही. पण पाहणी धरण होणार हे गृहीत धरून केलेली होती.

आणखी एक धागा आपल्या जवळचा. टोकियो महानगर सरकारच्या १९८८ च्या पाहणीत शहरात सुमारे २,७०० आयनू असल्याचा अंदाज आला होता. कामासाठी आलेली माणसं, कोकणातून मुंबईला आलेल्या चाकरमान्यांसारखी. होक्काइदोत आयनूंसाठी ज्या कल्याणयोजना होत्या त्या टोकियोतल्या आयनूंना लागू नव्हत्या. शहरात आला की तो नुसता कामगार. उद्या त्याच्या गावच्या नदीवर काही ठरलं, तर त्याला कोण विचारणार? आमच्या घरात सातबाऱ्याची एक फाईल आहे. त्यावरची अर्धी नावं पुण्या-मुंबईत, एक माझं, इथलं. गावी सह्या करायला एक काका आहेत. त्यांनी फोनवर विचारलं की आपण 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' म्हणून मोकळे होतो. त्या जमिनीवर राबणारं कुटुंब सातबाऱ्यावर नाही, हे मला निबुतानीचा निकाल वाचताना आठवलं, त्याआधी कधी नाही.

चिप-सान्के अजूनही दर ऑगस्टला निबुतानीत होतो, जुनी जागा पाण्याखाली गेल्यामुळे दुसरीकडे. आणि २००३ पासून ऑगस्टमध्येच टोकियोतले आयनू शिबा पार्कमध्ये जमतात. १८७२ मध्ये इथे आणलेल्या आणि परत न गेलेल्या माणसांसाठी ते 'इचारपा', म्हणजे पितरांचा विधी करतात. तो स्मारकाचा दगड तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.