नव्या तुरुंगाचं दार नक्की कोण उघडतं? पीएलसी, टचस्क्रीन आणि तुरुंगाची सायबर सुरक्षा

तुरुंग फोडणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? भुयार, कापलेले गज, चादरींना गाठी मारून केलेला दोर. पण गेल्या काही दशकांत बांधलेल्या आधुनिक तुरुंगात भिंतीपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट असते, ती म्हणजे दारं उघडणारी संगणक प्रणाली. भिंत कितीही जाड बांधा, दाराला "उघड" असा हुकूम मिळाला की ते उघडतं. हुकूम कुणी दिला हे दार विचारत नाही.

ही प्रणाली चालते कशी, ती कुठे कच्ची असते आणि आजवर प्रत्यक्षात काय काय घडलंय, हे या लेखात सोप्या भाषेत पाहू. उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली आहेत, कारण तिथे हे तंत्रज्ञान आधी आलं आणि त्यावर उघडपणे लिहिलं-बोललं गेलं.

जुना तुरुंग आणि नवा तुरुंग

जुन्या तुरुंगात पहारेकऱ्याकडे किल्ल्यांचा जुडगा असतो. एक किल्ली, एक दार. कुणाला बाहेर पडायचं असेल तर किल्ली चोरावी लागते किंवा माणूस फोडावा लागतो.

नव्या तुरुंगात एक नियंत्रण कक्ष असतो. तिथे बसलेल्या कर्मचाऱ्यासमोर टचस्क्रीन असते आणि त्यावर सगळ्या बराकींचा नकाशा. दार बंद असेल तर एक रंग, उघडं असेल तर दुसरा. बोट लावलं की दूरवरच्या कोठडीचं कुलूप उघडतं. इंटरकॉम, कॅमेरे, दिवे, सगळं तिथूनच चालतं. कमी माणसांत जास्त दारं सांभाळता येतात, हा यातला मोठा फायदा.

पीएलसी म्हणजे काय?

टचस्क्रीन आणि कुलूप यांच्या मधे बसलेला असतो पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. मी पहिल्यांदा पीएलसी पाहिला तो पुण्याजवळच्या एका कारखान्यात, कन्व्हेयर बेल्टच्या पॅनेलमध्ये. विटेएवढा डबा, त्यावर लुकलुकणारे बारीक दिवे आणि दोन्ही बाजूंनी वायरींचं जंजाळ. साखर कारखाना, जलशुद्धीकरण केंद्र, लिफ्ट, सगळीकडे हाच प्रकार.

त्याचं काम सोपं आहे. सेन्सर आणि बटणांकडून सिग्नल घ्यायचे, आत लिहिलेले नियम तपासायचे आणि त्यानुसार मोटर किंवा कुलूप चालवायचं. हे चक्र सेकंदात अनेकदा फिरतं. तुरुंगातला एक नेहमीचा नियम पाहा. दोन दारांच्या मधल्या खोलीत "पहिलं दार उघडं असेल तर दुसरं उघडू नकोस." हा नियम कुठल्या पहारेकऱ्याच्या डोक्यात नाही, पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेला असतो. प्रोग्रॅम बदलला की नियम बदलला.

अडचण अशी की हे डबे कारखान्यासाठी तयार झाले. कारखान्यात पॅनेलपर्यंत पोहोचणारा माणूस आपलाच, असं गृहीत धरलेलं असायचं. त्यामुळे जुने पीएलसी नेटवर्कवरून आलेला हुकूम निमूटपणे मानतात. "तू कोण?" हा प्रश्न त्यांच्या बांधणीतच नव्हता.

२०११ : तळघरातला प्रयोग

हे सगळ्यात ठळकपणे दाखवलं ते जॉन स्ट्रॉक्स, टिफनी रॅड आणि टीग न्यूमन यांनी. स्ट्रॉक्स हे तुरुंगांच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेची रचना करणारे अभियंते. एका तुरुंगात नाताळच्या आदल्या संध्याकाळी फाशीच्या कैद्यांच्या कोठड्यांची दारं आपोआप उघडली आणि तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना फोन केला. तेव्हापासून हा विषय त्यांच्या डोक्यात होता.

२०१० मध्ये स्टक्सनेट हा व्हायरस उघडकीला आला. इराणमधल्या नातान्झच्या अणुकेंद्रात सीमेन्स कंपनीच्या पीएलसीमध्ये शिरून त्याने सेंट्रिफ्यूज यंत्रं बिघडवली, आणि ऑपरेटरच्या पडद्यावर मात्र सगळं ठीक दाखवलं. तसेच पीएलसी तुरुंगातही वापरतात, हे या तिघांच्या लक्षात आलं. त्यांनी एक पीएलसी विकत आणला आणि घराच्या तळघरात प्रयोग केला. एकूण खर्च सुमारे अडीच हजार डॉलर. दारं उघडता येतात, उघडूच नयेत असं करता येतं आणि धोक्याची घंटाही दाबून टाकता येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ऑगस्ट २०११ मध्ये लास वेगासच्या डेफकॉन परिषदेत त्यांनी तो मांडला.

यातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आग लागली तर कैद्यांना झटपट बाहेर काढावं लागतं, म्हणून सगळी दारं उघडायची सोय प्रणालीत मुद्दाम ठेवलेली असते. पण एकदम सगळी उघडली तर विजेचा भार झेपणार नाही, म्हणून ती गटागटाने उघडतात. हा क्रम पाळायला लावतो तोही पीएलसीच. म्हणजे जीव वाचवायची सोय आणि धोक्याची जागा, दोन्ही एकाच डब्यात.

"आमची सिस्टिम इंटरनेटला जोडलेलीच नाही"

हे उत्तर सगळीकडे मिळतं. तुरुंगातही मिळतं आणि आपल्याकडच्या कारखान्यातही. पण स्टक्सनेट नातान्झमध्ये पोहोचला तेव्हा तिथली यंत्रणाही इंटरनेटपासून तोडलेलीच होती. पेन ड्राइव्हनेही काम भागतं.

शिवाय "जोडलेली नाही" हे बहुतेकदा कागदावरच खरं असतं. दुरुस्तीला आलेला माणूस लॅपटॉप लावतो. कंपनीला दूरवरून अपडेट द्यायचे असतात म्हणून एक लाइन चालू राहते. कंटाळलेला कर्मचारी रात्रपाळीत मेल उघडतो. वर सांगितलेल्या संशोधकांना एका तुरुंगाच्या नियंत्रण कक्षात एक कर्मचारी चक्क जीमेल बघताना दिसला होता!

मायामी, २०१३ : नवी यंत्रणा, उघडी दारं

फ्लोरिडातल्या मायामीत टर्नर गिल्फर्ड नाइट नावाचा तुरुंग आहे. तिथे सुरक्षा यंत्रणा नव्याने बसवली होती. १३ जून २०१३ च्या संध्याकाळी कडक बंदोबस्ताच्या विभागातली सगळी दारं एकदम उघडली. काही कैदी एका कैद्याच्या मागे लागले आणि जीव वाचवायला त्याने वरच्या मजल्याच्या कठड्यावरून उडी मारली. तो जखमी झाला. महिन्याभरापूर्वीही तिथे दारं अशीच उघडली होती.

आधी बोट दाखवलं गेलं ते संगणकाच्या बिघाडाकडे. सीसीटीव्हीचं चित्रण बाहेर आल्यावर दारं कुणी मुद्दाम उघडली का, असा संशयही व्यक्त झाला. बिघाड असो, चूक असो की फितुरी, आत अडकलेल्या माणसासाठी तिन्हींचा परिणाम एकच. आपण "सुरक्षा" म्हणताना कैद्याला बाहेर न सोडणं एवढाच अर्थ घेतो. पण बंद दार कैद्याचंही रक्षण करतं.

दार न उघडता सुटका

दाराला हातही न लावता कैदी सोडवायचा प्रयत्न झालाय. मिशिगन राज्यातल्या वॉशटेनॉ काउंटीत २०१७ मध्ये एका तरुणाने खऱ्या सरकारी पत्त्यासारखीच दिसणारी वेबसाइट नोंदवली. फरक एवढाच की इंग्रजी "डब्ल्यू"च्या जागी दोन "व्ही" शेजारीशेजारी. पटकन नजर फसते. मग आयटी विभागातून बोलतोय असं सांगून त्याने कर्मचाऱ्यांना फोन केले आणि त्यांच्याच हातून व्हायरस टाकून घेतला. त्याला १६०० हून अधिक कर्मचाऱ्यांचे लॉगिन मिळाले. तुरुंगाच्या नोंदींत शिरून त्याने एका कैद्याची सुटका लवकर होईल असा बदल केला.

बदल वेळीच लक्षात आला आणि कुणी सुटलं नाही. काउंटीला मात्र दोन लाख डॉलरच्या वर खर्च आला, आणि त्या तरुणाला ८७ महिन्यांची शिक्षा झाली.

डोळेही परक्याच्या हातात

मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या कंपनीच्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत हॅकर पोहोचले. त्यात अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या तुरुंगातले ३३० कॅमेरे होते. कुलूप तोडावं लागलं नाही. कंपनीच्या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड इंटरनेटवर उघडा सापडला होता. एक पासवर्ड, आणि तुरुंग, शाळा, दवाखाने, सगळ्यांचं चित्रण समोर.

मग नवा तुरुंग बांधताना काय करायला हवं?

१. दारांचं नेटवर्क वेगळं ठेवा. त्यावर मेल नको, इंटरनेट नको, पेन ड्राइव्ह नको.

२. सगळी दारं उघडायच्या हुकुमाला दोन वेगळ्या माणसांची संमती हवी. आगीसाठी मात्र हाताने उघडायची किल्ली वेगळी ठेवा.

३. कुणी, कधी, कुठून दार उघडलं याची नोंद अशा जागी जावी, जिथे ऑपरेटरला ती पुसता येणार नाही.

४. कंपनीच्या माणसाला दूरवरून प्रवेश हवा असेल तर तेवढ्यापुरता द्या, काम झालं की बंद.

५. सुटकेच्या तारखेसारखी नोंद दुसऱ्या स्वतंत्र नोंदीशी ताडल्याशिवाय दार उघडू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नवी यंत्रणा जुन्यापेक्षा सुरक्षित नसते का?
कुलूप जास्त मजबूत असतं, पण एका चुकीचा आवाका वाढतो. एक किल्ली हरवली तर एक दार धोक्यात येतं. एक पासवर्ड गेला तर सगळी.

मग पुन्हा किल्ल्यांकडे जायचं का?
नाही. पण संगणक बंद पडला तरी चालेल अशी हाताची सोय हवीच, आणि ती वापरायचा सराव असलेली माणसंही.

माझा याच्याशी काय संबंध?
तुमच्या सोसायटीचं बूम बॅरियर, ऑफिसचं कार्ड लावून उघडणारं दार, दुकानातला सीसीटीव्ही ही याच यंत्रणेची धाकटी भावंडं. डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवलेलाच आहे का, ते आज बघा. असेल तर बदला. आणि आयटीवाल्याचा फोन आला तर आधी फोन ठेवा, मग ऑफिसच्या ओळखीच्या नंबरवर स्वतः लावून विचारा.