पाण्याची काच : एका शोधाची हकिकत

आपल्या नांदेड-लातूर भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यात, झाकण उघडताच पांढरी वाफ सोडणारे ॲल्युमिनियमचे भांडे पुष्कळांनी पाहिले असेल. देवणी किंवा लाल कंधारी वळूचे रेत त्यात द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, वर्षानुवर्षे टिकते. गोठविण्यापूर्वी त्यात ग्लिसरॉल मिसळतात. कारण नुसते पाणी गोठले की त्याचे स्फटिक बनतात आणि पेशी फाटते. याच स्फटिकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्यांना पन्नास वर्षे छळले.

इब्न अल-हैसमचे प्रकाशशास्त्र आपण स्मरणिकांतून नेहमी वाचतो. पण विषाणूच्या अंतरंगापुढे प्रकाशही थिटा पडतो, म्हणून एर्न्स्ट रुस्का व माक्स क्नोल यांनी १९३१ साली बर्लिनमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून पाहिला. अडचण अशी, की या यंत्राच्या आत निर्वात पोकळी लागते आणि सजीव म्हणजे मुख्यतः पाणी! पोकळीत ते उडून जाते व नमुना सुकून चपटा होतो. म्हणून नमुन्याभोवती जड धातूच्या क्षाराचा लेप देऊन तो सुकवीत. ही रीत टाकाऊ मुळीच नाही. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केरळातील रुग्णाच्या नमुन्यातला कोरोना विषाणू याच रीतीने टिपला. मात्र तीत बाह्य आकार दिसतो, आतील बारीक घडण नव्हे.

केनेथ टेलर व रॉबर्ट ग्लेझर यांनी १९७४ साली अमेरिकेत गोठविलेले प्रथिन-स्फटिक तपासून दाखविले, की थंडीत ही घडण शाबूत राहते. परंतु बर्फाचे स्फटिक टाळावे कसे? उत्तर जर्मनीत हायडेलबर्ग येथे जॅक दुबोशे व ॲलस्डेर मॅकडोवॉल यांना १९८१ साली सापडले : पाण्याला स्फटिक बनण्यास वेळच द्यावयाचा नाही.

तांब्याच्या तीन मिलिमीटर जाळीवर थेंब ठेवायचा, टिपकागदाने टिपून त्याचा अतिशय पातळ पापुद्रा उरवायचा आणि जाळी झटक्यात द्रवरूप ईथेनमध्ये सोडायची. सरळ नायट्रोजनमध्ये का नाही? तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेच्या गादीवर नाचतो ना, तसाच नायट्रोजन जाळीभोवती उकळतो आणि थंडावा आत पोचू देत नाही. म्हणून नायट्रोजनने ईथेन थंड करतात, व ईथेनने नमुना. सेकंदाला लाखाहून अधिक अंशांच्या वेगाने निवून पाणी काचेसारखे घट्ट होते. पुढे ते सुमारे उणे १३५ अंशांच्या वर जाऊ दिले, की पुन्हा स्फटिक आणि सारी मेहनत वाया.

दुबोशे यांना २०१७ साली योआखिम फ्रँक व रिचर्ड हेंडरसन यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या स्विस परगण्यात डिसलेक्सिया, म्हणजे वाचता-लिहिताना अडखळण्याचा दोष, अधिकृतपणे नोंदला गेलेले पहिले मूल आपणच, असे त्यांनी स्वतःच्या परिचयात लिहून ठेवले आहे. लातूरच्या शिकवणी वर्गांबाहेर गुणपत्रिकेची वाट पाहत उभ्या असणाऱ्या पालकांनी हा परिचय एकदा अवश्य वाचावा.

फेब्रुवारी २०२० मध्ये टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाच्या काट्याची रचना अशाच गोठविलेल्या नमुन्यांवरून प्रसिद्ध केली. लसीच्या कामी ती उपयोगी पडली. आज टिपण्याचे व बुडविण्याचे काम यंत्र करते, तरीही कुठे पापुद्रा जाड होतो, कुठे फाटतो, आणि एका चांगल्या जाळीसाठी कित्येक जाळ्या फेकून द्याव्या लागतात.